आफ्रिकेवर धडा लिहू नका

प्रति,
राज्याच्या नव्या पाठ्यपुस्तकांचे काम पाहणाऱ्या भाषा, परिसर अभ्यास, इतिहास आणि भूगोल विषय समित्यांचे सन्माननीय सदस्य

सप्रेम नमस्कार.

पहिलीपासून नवी पुस्तके टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत. वरच्या इयत्तांच्या पुस्तकांवर तुमच्या बैठका चालू असतील. त्यातल्या एखाद्या बैठकीत कोणीतरी सुचवेल की आफ्रिका खंडावर एक स्वतंत्र धडा घेऊ या. चांगल्या मनानेच सुचवेल. माझी विनंती आहे की तो धडा लिहू नका.

आफ्रिका शिकवायलाच नको, असे मला म्हणायचे नाही. आज शिकवतो त्याच्या कितीतरी जास्त शिकवावी. पण सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटरचा भूभाग, आफ्रिकी संघाचे 55 सदस्य देश आणि दोन हजारांच्या आसपास भाषा सहा पानांत कोंबायच्या म्हटल्या की कितीही चांगल्या लेखकाचा नाइलाज होतो. सहारा येते, काँगोचे जंगल येते, नाईल येते, हिऱ्यांच्या खाणी येतात, भाला घेतलेला मसाई येतो आणि शेवटी 'समस्या' या मथळ्याखाली दुष्काळ आणि उपासमार. त्यातले एकेक वाक्य खरे असते, पण सगळी मिळून मुलाच्या डोक्यात जे चित्र बसते ते खोटे असते. 'आफ्रिका या देशात' अशी सुरुवात असलेली उत्तरे मी वर्षानुवर्षे तपासत आले आहे. मुलांना काय बोलणार? खंड दाखवला, देश दाखवलेच नाहीत.

मी रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरच्या एका मराठी शाळेत भूगोल आणि मराठी शिकवते. त्यामुळे हे पत्र तज्ज्ञाचे नाही. फळा, एक टीव्ही आणि संपता न संपणारा पोर्शन हाताशी असलेल्या बाईचे आहे.

वेगळी वाट आपल्याच राज्याच्या पुस्तकाने दाखवलेली आहे. बालभारतीचे दहावीचे भूगोल अख्खे भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर उभे आहे. दक्षिण अमेरिकेवर एक धडा असता तर ब्राझील दोन ओळींत आटोपला असता. आता मुली ॲमेझॉनच्या खोऱ्यात वस्ती विरळ का, हे कारणांसह लिहितात. त्यांच्या लेखी ब्राझील ही खरी जागा झाली आहे, तिथे माणसे राहतात आणि आपल्यासारखीच शहरांकडे धावतात.

मग आठवीत किंवा नववीत 'भारत आणि केनिया' का नको? आपण फळ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचे बाण काढतो ते थेट अरबी समुद्रातून सुरू करतो. ते बाण जरा मागे नेले की आफ्रिकेचा पूर्व किनारा येतो. तिथले स्वाहिली नाखवे ऋतूनुसार दिशा बदलणाऱ्या दोन वाऱ्यांना नावाने ओळखतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च वाहणारा तो कास्काझी, एप्रिल ते सप्टेंबरचा तो कुसी. पहिल्या वाऱ्याने भारत-अरबस्तानातली गलबते मोंबासा-झांझिबारला पोचायची, दुसऱ्याने परतायची. भारतातले काचमणी आणि कापड या मार्गाने शतकानुशतके तिकडे गेले. पूर्व आफ्रिकेतल्या उत्खननांत आपले मणी सापडले आहेत. कोकणातल्या मुलाला हा भूगोल समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या घरात वारा पाहून होडी काढणारे कोणीतरी असतेच.

पुढे 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकायला इंग्रजांनी बत्तीस हजारांच्या आसपास भारतीय मजूर नेले. बहुतेक पंजाबातले होते. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तिथेच मेले. 2017 मध्ये केनिया सरकारने आपल्या भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यता दिली. आणि मुलांच्या रोजच्या अनुभवातले काही हवे असेल तर एम-पेसा आहे. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवण्याची ही पद्धत केनियात 2007 साली सुरू झाली, आपले यूपीआय 2016 चे. हे सांगितले की वर्गात क्षणभर अविश्वास पसरतो. अभ्यासक्रमात अशा जागा असाव्यात.

नकाशाचे मात्र आजच करता येईल, त्याला नवे पुस्तकही लागत नाही. बहुतेक शाळांच्या भिंतीवर मर्केटर प्रक्षेपणाचा नकाशा आहे. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात आणि भारतासारखे नऊ देश मावून वर जागा उरते. पुस्तकाच्या शेवटी समक्षेत्र प्रक्षेपणाचा, म्हणजे क्षेत्रफळाचे प्रमाण खरे दाखवणारा, एक नकाशा छापा आणि शेजारी भारताचा त्याच प्रमाणातला कापायचा आराखडा द्या. मुले कात्रीने बाकीचे करतील.

आता परिसर अभ्यासाच्या समितीला थोडे सांगायचे आहे, कारण सगळ्यात सोपी संधी तिथे आहे. 'आपले अन्न' हा पाठ तुम्ही घेणारच. त्यात एवढेच घाला की ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही धान्ये प्रथम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी रानातून शेतात आणली. ज्वारी सुदानच्या बाजूला, बाजरी सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या उंच प्रदेशात. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी भारतात आली. चवळी तिकडची, चिंच तिकडची. गावाबाहेरची गोरखचिंच म्हणजे तिकडचा बाओबाब. सोलापूरची भाकरी आणि कोकणातले आंबील ज्या धान्यांवर उभे आहे ती पिकवायला कोणी शिकवले, हे चौथीच्या मुलाला कळले तर पुढे आफ्रिकेला 'मागास' म्हणताना त्याची जीभ अडखळेल. निदान मला तशी आशा आहे.

चिंचेवरून आठवले. घानामध्ये ओवारे नावाचा खेळ आहे. सहा-सहा खळग्यांच्या दोन ओळी, प्रत्येक खळग्यात चार बिया, एकूण 48. एका खळग्यातल्या बिया उचलून घड्याळाच्या उलट दिशेने एकेक पेरत जायचे. शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडून तिथे दोन किंवा तीन झाल्या की त्या आपल्या. अंड्यांच्या ट्रेच्या दोन ओळी कापल्या आणि चिंचोके घेतले की फुकटात पट तयार होतो. गुणाकार, अंदाज, पुढची चाल ओळखणे हे सगळे त्यात आले. गणिताच्या समितीला हे पत्र लिहिलेले नाही, पण त्यांच्या कानावर घालावे.

साहित्याकडे येते, कारण माझे खरे गाऱ्हाणे तिथे आहे. साधने नाहीत म्हणून आफ्रिकेतले साहित्य घेता येत नाही, असे सांगितले जाते. साधने आहेत, बरीचशी मोफत आहेत आणि ती आफ्रिकेतल्याच शिक्षक-लेखकांनी केलेली आहेत. जोहान्सबर्गच्या सैदे या संस्थेचा 'आफ्रिकन स्टोरीबुक' हा उपक्रम घ्या. केनिया, युगांडा, दक्षिण आफ्रिका, लेसोथो इथल्या मुलांना स्वतःच्या भाषेत वाचायला काही नाही, या अडचणीतून तो निघाला. कथा लहान, चित्रांसह, वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. भाषांतर करा, छापा, वाटा. लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव तेवढे द्यायचे. काही कथांना व्यावसायिक वापर चालत नाही, ते त्या-त्या कथेखाली पाहून घ्यावे लागते. आपल्याकडे प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर 2015 पासून अशाच परवान्याने कथा मिळतात, मराठीतही, आणि आफ्रिकन स्टोरीबुकमधल्या कथा तिथेही आलेल्या आहेत. रस्ता बांधून झालेला आहे, आपण चालायचे बाकी आहे.

एक कथा सांगते. केनियाच्या उर्सुला नाफुला यांची आजीच्या केळ्यांची कथा. आजीच्या वाडीत ज्वारी आहे, कसावा आहे, पण आजीचा जीव केळ्यांवर. ती केळी कुठेतरी पिकत घालते आणि जागा नातीला सांगत नाही. नात पाळत ठेवते, गवताची मोठी टोपली सापडते, एक केळे चोरते, मग आणखी काही. बाजाराच्या दिवशी आजी केळी विकायला जाते आणि संध्याकाळी घरातली मोठी माणसे मुलीला बोलावतात. कशासाठी ते तिला ठाऊक असते. मी ही मराठीत वाचून दाखवली तेव्हा एका मुलाने लगेच विचारले, "बाई, म्हणजे आमच्यासारखी अढी घातलेली का?" कथेत आफ्रिका या विषयावर एकही माहितीपर ओळ नाही. तीच तिची ताकद. पाचवीच्या मुलाला आधी ती चोरी आणि तो धाक ओळखीचा वाटतो, मग कसावा म्हणजे काय हे तो आपण होऊन विचारतो.

परवाना लागणाऱ्या पुस्तकांतही दोन-तीन अशी आहेत की त्यांच्यासाठी पत्रव्यवहाराचा खटाटोप करावा. घानाचे मेशॅक असारे यांचे 'सोसूज कॉल' 1997 साली आले. समुद्र आणि खाडी यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवरच्या गावात राहणारा, चालता न येणारा सोसू. लोकांच्या लेखी तो बिनकामाचा. एके दिवशी गावातली धडधाकट माणसे कामावर असताना समुद्र गावात घुसू लागतो. सोसू सरपटत जाऊन गावचा ढोल बडवतो आणि माणसे वेळेवर परततात. सहिष्णुतेसाठीच्या बालसाहित्याला दिला जाणारा युनेस्कोचा पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. आपल्याकडे अपंगत्वावरचे पाठ असतात, पण ते बहुधा जिद्दीने शिखर गाठलेल्या कोणा थोराचे असतात. सोसू थोर नाही, एका गावातला मुलगा आहे. ज्या वाड्यांनी निसर्ग चक्रीवादळ पाहिले तिथल्या मुलांना हा पाठ वाचायला द्या आणि बाजूला उभे राहा.

नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांना आपण मोठ्यांचे कादंबरीकार म्हणून ओळखतो. लेगोसमध्ये आपल्या लहान मुलीला शाळेत जी पुस्तके वाचायला मिळत होती त्यांतला वंशद्वेष त्यांच्या लक्षात आला. त्यांचे कवीमित्र ख्रिस्तोफर ओकिग्बो तेव्हा एका प्रकाशन संस्थेचे काम पाहत होते. त्यांनी अचेबेंना मुलांसाठी लिहायला लावले आणि 1966 साली 'चिके अँड द रिव्हर' आले. खेड्यातून ओनित्शा शहरात काकाकडे आलेला मुलगा नायजर नदी ओलांडायच्या स्वप्नाने झपाटतो आणि तरीच्या भाड्यासाठी धडपडतो. मुंबईला मामाकडे शिकायला गेलेली मुले माझ्या प्रत्येक वर्गातून निघतात, त्यांना चिके चटकन कळेल.

इथे एक सावधगिरी. अनुवादित पाठ म्हटला की आपल्याकडे लोककथेकडे हात जातो. घानाच्या आकान लोकांचा अनान्सी कोळी मलाही आवडतो. आकाशदेव न्यामेकडच्या कथा मिळवायला तो अजगर, बिबळ्या आणि गांधीलमाश्या युक्तीने पकडून आणतो, ते सांगताना वर्ग हसून लोळतो. पण युरोपातून आधुनिक कथा, जपानमधून आधुनिक कथा आणि आफ्रिकेतून फक्त प्राणी, अशी वाटणी झाली तर आपण मूळ रोग नव्या बाटलीत भरून देऊ. एक अनान्सी घेतलात तर एक चिकेही घ्या.

नववी-दहावीच्या मराठीच्या पुस्तकासाठी न्गुगी वा थिओंगो यांचा विचार करा, हे मी जरा आग्रहाने सांगते. केनियातल्या वसाहतकालीन शाळेत मातृभाषा गिकुयू बोलताना मूल सापडले तर छड्या बसत किंवा गळ्यात 'मी गाढव आहे' अशा अर्थाची धातूची पाटी अडकवत, असे त्यांनी 1986 च्या निबंधग्रंथात लिहून ठेवले आहे. मोठे झाल्यावर ते इंग्रजीतले नावाजलेले कादंबरीकार झाले. 1977 मध्ये त्यांनी गावकऱ्यांसोबत गिकुयूत नाटक केले आणि वर्ष संपायच्या आत सरकारने त्यांना खटल्याविना तुरुंगात टाकले. तिथे त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. मुलांसाठीही ते गिकुयूत लिहीत राहिले. मे 2025 मध्ये ते गेले. मराठी शाळेतल्या मुलांना मराठी शाळेत असण्याची लाज वाटायला लावणारे लोक आज गावोगावी आहेत. त्या मुलांच्या हातात हा माणूस पडलाच पाहिजे. मराठीचा अभिमान बाळगा, असे सांगणारे पाठ पुष्कळ झाले. ते पाठ मुले पाठ करतात आणि धाकट्या भावाला इंग्रजी शाळेत घालताना पाहतात.

इतिहासाच्या समितीला फार सांगायची गरज नाही, कारण त्यांच्याकडे मलिक अंबर आधीपासून आहे. तो शहाजीराजांच्या आणि 1624 च्या भातवडीच्या लढाईच्या निमित्ताने येतो आणि निजामशाहीचा वजीर म्हणूनच निघून जातो. तो 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मला, त्याचे नाव चापू होते, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनला आला आणि इथे त्याला विकत घेणारा अहमदनगरचा पेशवा चंगीझखान स्वतःही हबशीच, म्हणजे इथिओपियाकडचाच होता, ही साखळी मुलांना सांगा. 1610 मध्ये त्याने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली, तिथली नहर आजही लोक पाहायला जातात. हिंदी महासागरातल्या गुलामीच्या व्यापाराबद्दल आपल्या मुलांना काहीच माहीत नसते. अटलांटिकचा मात्र उल्लेख असतो, जणू ते पाप फक्त दुसऱ्यांचे. जंजिऱ्याचे आफ्रिकी वंशाचे सिद्दी आमच्या शाळेपासून लांब नाहीत. मुले सहलीला जातात, कलालबांगडी तोफ पाहतात आणि सिद्दी म्हणजे शिवाजी महाराजांचा शत्रू, एवढेच घेऊन परततात. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी आज कोकणी बोलतात, तिथल्या बायका कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात. इतिहासाच्या पानावर एवढी चौकट मावेल.

आणि ग्रेट झिंबाब्वे. चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती, काही ठिकाणी 11 मीटर उंच. अकराव्या ते पंधराव्या शतकातले हे शहर आफ्रिकी लोकांनी बांधलेच नसावे, असे गोरे वसाहतवाले सांगत राहिले. कोणी भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन फिनिशियनांना श्रेय दिले, कोणी बायबलमधल्या शेबाच्या राणीला. 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननाच्या आधारे ते आफ्रिकी असल्याचे ठामपणे मांडले, तरी ऱ्होडेशियाचे (झिंबाब्वे देशाचे तेव्हाचे नाव) सरकार पुढे अनेक वर्षे पुरातत्त्वज्ञांवर दबाव आणत होते. 1980 मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने त्याच शहराचे नाव घेतले. इतिहासाचे पुरावे कसे तपासावेत हे शिकवायला, किल्ल्यांच्या प्रदेशातल्या मुलांना, याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. संदर्भासाठी युनेस्कोने 1964 मध्ये हाती घेतलेला आफ्रिकेचा आठ खंडांचा इतिहास आहे. त्याच्या शास्त्रीय समितीत दोन तृतीयांश सदस्य आफ्रिकी होते आणि खंड मोफत उतरवून घेता येतात. इंग्रजांनी लिहिलेल्या जुन्या भूगोलांवरून उतारे काढायची गरज उरलेली नाही.

अंमलबजावणीबद्दल चार गोष्टी. पाने वाढवू नका. शिक्षक तुमच्यावर चिडतील आणि तो भाग 'स्वयंअध्ययन' म्हणून सोडून देतील. वर सुचवलेले सगळे आधीच असलेल्या पाठांच्या जागी किंवा आत बसते. दुसरे, पाठाखालच्या क्यूआर कोडमागे त्या भाषेतला आवाज ठेवा. मूळ लेखकाने किंवा तिथल्या कोणा शिक्षिकेने वाचलेली दोन मिनिटे. नावांचे उच्चार देवनागरीत नीट द्या, नाहीतर आम्ही प्रत्येक जिल्ह्यात वेगळे वाचू. तिसरे, मजकूर छापण्यापूर्वी मुंबई विद्यापीठाच्या आफ्रिका अभ्यास केंद्राला दाखवा आणि पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांपैकी ज्या देशावरचा पाठ आहे त्या देशाच्या एखाद्याला वाचून दाखवा. मानधन देऊन. रस्त्यात याच विद्यार्थ्यांना आपली मुले आणि त्यांचे पालक काय-काय नावे ठेवतात ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

चौथे 'किशोर' मासिकाबद्दल. 1971 पासून चाललेले हे मासिक पुस्तकांपेक्षा चपळ आहे. अभ्यासक्रमाच्या मंजुरीला वेळ लागेल, तोवर नैरोबी, अक्रा, लेगोस, अदिस अबाबा इथल्या लेखकांची एकेक कथा दर महिन्याला देता येईल. त्यांतल्या कोणत्या चालतात हे मुलांच्या पत्रांवरून कळेल आणि पाठ्यपुस्तकासाठी निवड करणे तुम्हालाच सोपे जाईल.

आम्ही काही शिक्षकांनी मोफत परवान्याच्या निवडक कथांचे मराठी खर्डे करून वर्गात वापरले आहेत. भाषा अजून ओबडधोबड आहे, संपादकाचा हात लागेल. समितीने कळवल्यास ते, मुलांच्या प्रतिक्रियांसह, पाठवून देऊ. मूळ लेखकांची नावे आणि परवान्याचा तपशील प्रत्येकाखाली आहे.

कळावे.

आपली,
रायगड जिल्ह्यातील एक माध्यमिक शिक्षिका